उघाडीवरचा माणूस : नेरुळच्या डीपीएस तलावाचं प्रकरण

एप्रिल २०२४च्या शेवटच्या पंधरवड्यात नेरुळच्या डीपीएस तलावाच्या आसपास रोहित (फ्लेमिंगो) पक्षी मरून पडू लागले. दहाच्या घरात पक्षी दगावले, काही जखमी अवस्थेत सापडले. पाम बीच मार्गालगत, डीपीएस (दिल्ली पब्लिक स्कूल) या शाळेशेजारी असलेला हा तीस एकरांचा तलाव तेव्हा जवळजवळ कोरडा पडला होता. गाळ तडकला होता आणि भटकी कुत्री त्यावरून थेट मध्यापर्यंत चालत जात होती.

उन्हाळ्यात तळं आटायचंच, असं त्या दिवसांत अनेकांनी बोलून दाखवलं. पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं होतं. पण हा तलाव पावसावर जगणारा नाही, तो खाडीच्या भरतीवर भरतो. एप्रिल असो की ऑगस्ट, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढतंच. कांदळवनापलीकडे खाडी तुडुंब आणि अलीकडे तलाव तडकलेला, हे उन्हाने होत नाही. पाणी आत यायची वाट बंद झाली, तरच होतं.

त्या वाटेचं हे प्रकरण आहे. रोहितांचे फोटो, फलक, पुतळे आपल्या शहरात पुष्कळ आहेत. महापालिकेने नवी मुंबईला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणून मिरवायला सुरुवात केली त्यालाही काही वर्षं झाली. रस्त्याखालून भरतीचं पाणी तलावात आणणाऱ्या नळ्यांचा फोटो मात्र मी कुणाच्या भिंतीवर पाहिलेला नाही, आणि तलावाचं सगळं आयुष्य त्या नळ्यांवर लटकलेलं आहे.

जागा कशी घडली

ठाण्याच्या खाडीचा पूर्व काठ म्हणजे आगरी-कोळ्यांचा मुलूख. मिठाचं आगर पिकवणारे ते आगरी. खाडीला लागून खाजण, त्याच्या आत मातीच्या बांधाने अडवलेली खारजमीन, तीत राता (खारं पाणी सोसणारा लाल) भात, कुठे मिठागरं, कुठे कोळंबी-निवट्यांची खाचरं. हा सगळा पट्टा माणसाने पाण्याशी वाटाघाटी करून मिळवलेला होता. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनी नव्या शहराच्या आराखड्यात आल्या. करावे, नेरुळ, सारसोळे ही गावं शहरात मिसळून गेली आणि बांध, खाचरं, खाड्यांचे फाटे यांतले बरेचसे भरावाखाली गेले. काही तुकडे मधेच अडकून राहिले. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला इमारती, तिसऱ्या बाजूला तिवरांची भिंत, आणि कुठून तरी भरतीचं पाणी आत येणारी एखादी फट. एनआरआय संकुलाजवळची पाणथळ, टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेमागची पाणथळ आणि आपला डीपीएस तलाव ही याच प्रकारची जागा. पक्ष्यांसाठी त्या कुणी बांधल्या नाहीत. शहर उभं राहताना त्या उरल्या आणि पक्ष्यांनी शोधून काढल्या.

खाडीची गोष्टही फारशी वेगळी नाही. साठच्या दशकापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक कारखाने उभे राहिले. त्यांचं सांडपाणी आणि दोन्ही काठांवरच्या शहरांचा मैला अनेक दशकं खाडीत जात राहिला. १९७३मध्ये वाशीचा पहिला पूल झाला, १९९७मध्ये दुसरा, १९९९मध्ये ऐरोलीचा. भराव आणि पुलांच्या खांबांमुळे प्रवाह मंदावला, गाळ बसू लागला, चिखलपट्टे रुंदावले आणि त्यांवर तिवरं पसरली. नव्वदच्या दशकापासून शिवडीच्या बाजूला आणि मग खाडीत वर वर रोहित मोठ्या संख्येने दिसू लागले. मैल्यातल्या नत्र-स्फुरदावर चिखलात शेवाळ वाढतं, नीलहरित शेवाळ हे लहान रोहिताचं मुख्य अन्न, म्हणून ते इथे आले असावेत, असं अभ्यासक मानतात. बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) या संस्थेच्या गणनांमध्ये ऐन हंगामात एक लाखाहून अधिक रोहित नोंदवले गेले आहेत.

हे वाचून प्रदूषणाचे आभार मानायची इच्छा कुणाला झाली, तर त्याने खाडीच्या गाळातल्या जड धातूंवरचे अभ्यास वाचावेत आणि कोळीवाड्यांत जाऊन तीस-चाळीस वर्षांपूर्वी जाळ्यात काय यायचं ते विचारावं. रोहित आले म्हणजे खाडी बरी झाली असं नाही. एका बिघडलेल्या जागेत एका पक्ष्याला सोयीचं काही निपजलं, इतकंच. पण निपजलं आहे आणि आता ते सांभाळायची जबाबदारी आपल्याकडे आली आहे.

पक्ष्याचा दिवस

तलाव का लागतो, हे पक्ष्याच्या दिवसाकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. माझ्याकडे येणारे बरेच जण इथे चुकतात. त्यांना वाटतं, पश्चिम काठावर ऐरोली ते वाशी पुलांच्या दरम्यान १,६९० हेक्टरचं फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५मध्ये जाहीर झालं आहे, २०२२मध्ये ठाणे खाडी जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीतही गेली आहे. मग पक्ष्यांना नेरुळची तीस एकर जागा कशाला?

रोहित ओहोटीला खातो. पाणी उतरलं की चिखलपट्टे उघडे पडतात, पक्षी मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखल-पाणी गाळत पुढे सरकत राहतो. लहान रोहित शेवाळ गाळतो, मोठा रोहित बारीक कवचधारी जीव, अळ्या आणि शंख-शिंपले टिपतो. साधारण सहा तासांत भरती चढते आणि तेच चिखलपट्टे पुरुषभर पाण्याखाली जातात. लहान रोहिताची उंची ऐंशी-नव्वद सेंटिमीटर. तो पोहू शकतो, पण तासन्‌तास लाटांवर तरंगत विसावा घेणारा हा पक्षी नव्हे. त्याला पाय टेकतील असं उथळ, चारी बाजूंनी मोकळं दिसणारं, कुत्रा-कोल्हा पोचणार नाही असं पाणी लागतं. असं पाणी भरतीच्या वेळी खाडीत नसतं. ते काठावरच्या या अडकलेल्या तुकड्यांत असतं.

म्हणून खाडी भरत आली की थवे उठतात आणि एनआरआय, चाणक्य, डीपीएस, भांडुप उदंचन केंद्राजवळची पाणथळ, उरणकडे पाणजे, भेंडखळ, बेलपाडा अशा ठिकाणी उतरतात. बीएनएचएसने या जागांना खाडीच्या उपग्रह पाणथळी म्हटलं आहे. खाडी हे ताट असेल तर या जागा म्हणजे ओसरी. ताट जपलं, रामसरचा शिक्का मिळाला, पण जेवून उठल्यावर बसायला जागाच ठेवली नाही, तर पाहुणा किती दिवस येईल?

रोहितांबरोबर इतरही खूप जण येतात. शेकाट्या, उचाट्या, तुतवारांचे थवे, चिखल्ये, कुरव, सुरय, चित्रबलाक, राखी बगळे. तिवरांत खंड्या आणि अंधार पडला की सोनेरी कोल्हे. उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडून आलेले बोटभर चोचीचे तुतवार भरतीच्या वेळी रोहितांच्या पायांत गर्दी करून एका पायावर झोपतात. ते पाहिलं की ‘फ्लेमिंगो तलाव’ हे नाव मला अपुरं वाटतं.

पाहायला जायचं असेल तर एक सांगतो. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या पुढे-मागे पूर्ण होते, अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. कोळी तिथीला पाऊणपट करून वेळ काढतात. चतुर्थी असेल तर चारचे तीन, म्हणजे तीनची भरती. भरतीच्या आधी तासभर तलावाच्या काठी उभं राहिलं तर खाडीकडून येणारी गुलाबी रेघ दिसते. पहाटे उठून जाणारे बहुतेक रिकाम्या हाती परततात आणि तलाव ओस आहे असं सांगत फिरतात.

काय बिघडलं

२०२४च्या सुरुवातीपासून तक्रारी होत्या. नेरुळच्या जेट्टीच्या आणि तिच्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामात तलावात पाणी आणणाऱ्या वाटा बुजल्या, असं नॅटकनेक्ट फाउंडेशन या पर्यावरण संस्थेने आणि इतर कार्यकर्त्यांनी फोटोंसह मांडलं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला जेट्टीच्या रस्त्यावरच्या एका मोठ्या नामफलकावर आदळून काही रोहित मेले, तेव्हा तो फलक हटवावा लागला होता. म्हणजे धोक्याची पहिली घंटा एप्रिलच्या आधीच वाजली होती.

पाण्याची वाट बुजली की तलाव एका दिवसात मरत नाही. यात तीन अवस्था येतात आणि प्रत्येक वेळी लोक वेगळंच निदान करतात.

पहिल्यांदा भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत पाणी येणं थांबतं. भांगाची भरती बेताची असते. वाट थोडी उथळ झाली, नळीच्या तोंडाशी हातभर गाळ बसला, तरी ती भरती बाहेरूनच परत जाते. उधाणाला मात्र पाणी येत राहतं, त्यामुळे काठावरून जाणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. पंधरवड्यातून चार-पाच दिवस तलाव भरतो, बाकीचे दिवस उन्हात तापतो.

मग पाणी येतं, पण बाहेर जात नाही. साचलेल्या पाण्यात शेवाळाचा जाड हिरवा तवंग धरतो, प्राणवायू कमी होतो, दुर्गंधी सुटते, डास होतात. रहिवासी महापालिकेला फोन करतात. काहींना वाटतं, या डबक्यापेक्षा भराव टाकून बाग केलेली बरी. हा राग खरा असतो, त्याला दूषण देऊ नये. लहान लेकरू तापाने फणफणलेलं असताना कुणी पक्ष्यांचं कौतुक ऐकून घेत नाही. पण डास झाले ते पाणथळीमुळे की तिचं पाणी अडवल्यामुळे, हा प्रश्न मधल्यामध्ये हरवतो. दिवसातून दोनदा पाणी हलत असेल आणि आत मासे असतील, तर डासांच्या अळ्यांना तिथे फार काळ थारा मिळत नाही.

शेवटी तलाव आटतो. पक्ष्यांना जागेची सवय असते. ते येतात, फेऱ्या घालतात, उतरले तर कोरड्या गाळात उतरतात. रोहिताला उडायला पाण्यावरून काही पावलं धावावं लागतं. तडकलेल्या किंवा चिकट गाळात ते जमत नाही, कुत्री गाठतात. जे उतरत नाहीत ते दमलेले पक्षी रात्री शहरावरून दुसरी जागा शोधत फिरतात, आणि तिथे झगझगीत दिवे, तारा, फलक, काचा. २० मे २०२४च्या रात्री घाटकोपरजवळ रोहितांचा थवा उतरणाऱ्या प्रवासी विमानाला धडकला आणि सुमारे चाळीस पक्षी मेले. त्या थव्याचा आणि डीपीएसचा थेट संबंध मी जोडणार नाही, तसा पुरावा माझ्यापाशी नाही. पण विसाव्याच्या जागा कमी केल्या की पक्षी अधिक वेळ हवेत राहतात, हे समजायला पुरावा लागत नाही.

विमानतळाचा मुद्दा इथेच येतो. ऑक्टोबर २०२५मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरमध्ये उड्डाणं सुरू झाली. पाणथळी बुजवा म्हणजे पक्षी जातील, विमानं सुरक्षित होतील, असं काही जण मनापासून मानतात. बीएनएचएसच्या अभ्यासकांचं म्हणणं नेमकं उलटं आहे. जोवर खाडीत अन्न आहे तोवर पक्षी येणार. ठरलेल्या जागा शाबूत असतील तर त्यांचे ठरलेले हवाई रस्तेही कळतात आणि त्यानुसार काळजी घेता येते. जागा मोडल्या तर तेच पक्षी कुठेही, कधीही उडतील. मला हे पटतं. घराचं दार बंद केल्यावर पोरं शहाणी होत नाहीत, रस्त्यावर खेळतात.

करावे गावातलं बोलणं

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका म्हाताऱ्या आगरी गृहस्थांनी. तलावाच्या काठावर आमची गाठ पडली. ऐंशीच्या पुढचं वय, हातात काठी, पांढरी टोपी. मी दुर्बिणीतून कोरड्या तळाकडे पाहत होतो.

“काय बघतंस रं पोरा? पानीच नाय तं पाखरू कुठशी येल?”

“काका, पाणी का नाही, तेच शोधतोय.”

“शोधाचा काय त्यात? उघारीवर मानूस नाय.”

मला आधी कळलं नाही. उघारी म्हणजे उघाडी. मातीच्या बांधात बसवलेलं लाकडी दार. खारजमिनीत उघाडीचं काम भरतीचं खारं पाणी बाहेर थोपवणं आणि पावसाचं पाणी ओहोटीला सोडून देणं. मिठागरात उलटं, उधाणाचं पाणी ठरलेल्या दिवशी आत घ्यायचं आणि कोंडून ठेवायचं. दार तेच, फक्त त्याच्यामागचा हिशेब वेगळा. आणि तो हिशेब कळणारा माणूस गावाने नेमलेला असायचा.

“आमचे वक्ताला रातची भरती आली का तो कंदील घेऊन जायाचा बांधावर,” काका म्हणाले. “खेकड्यांनी भोक पारलं का बघाचा, फलीत काटकी आरकली का बघाचा. त्याला गावाकरनं भात मिलाचा, वरसाला.”

“आणि तो गेला नाही तर?”

“तं काय. एका उधानात सगला भात खारा.”

नंतर कितीतरी दिवस हे माझ्या डोक्यात घोळत राहिलं. ज्या जागेला आपण आज ‘नैसर्गिक पाणथळ’ म्हणतो तिथे शतकानुशतकं एक माणूस दाराशी बसलेला होता. जमीन संपादित झाली, भात गेला, मीठ गेलं, त्याबरोबर तोही गेला. त्याच्या जागी काँक्रीटच्या नळ्या आल्या, पण नळीपाशी बसणारं कुणी नेमलं गेलं नाही. नळीत गाळ बसला, प्लॅस्टिकचा गोळा अडकला, कुणी रस्त्याच्या कामात तोंड बुजवलं, तर ते कळायचा एकच मार्ग उरला : पक्षी मरणं.

शहराच्या पोटातला दुसरा पेच

इथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडायला हवी, कारण ती आमच्या बाजूचे लोक टाळतात. नवी मुंबईचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहे. म्हणून सिडकोने डच धर्तीवर धारण तलाव बांधले. पावसाळी नाल्यांचं पाणी आधी या तलावांत जमतं आणि ओहोटी लागली की खाडीत सुटतं. तोंडाशी झडपेची दारं असतात. आतल्या पाण्याचा दाब वाढला की ती बाहेर उघडतात, भरतीचा दाब आला की बंद होतात. म्हणजे शहराची सगळी रचना भरतीला बाहेर ठेवण्यासाठी आहे, आणि पाणथळ जगते ती भरती आत आल्यावर.

या झडपा कालांतराने नादुरुस्त झाल्या, फटींतून खारं पाणी गाळासकट आत आलं, धारण तलावांत तिवरं उगवली. आता ते तलाव उपसायचे तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते, कारण कांदळवनाच्या तोडीवर न्यायालयाने २००५ पासून कडक बंदी घातली आहे आणि २०१८च्या निकालाने ती आणखी पक्की केली. पावसात नाला तुंबला, घरात पाणी शिरलं की रहिवासी तिवरांना शिव्या देतात. दोन्ही बाजूंच्या लोकांना ही गोष्ट झाडं विरुद्ध माणसं अशी वाटते. मला ती झडपांची देखभाल न केल्याची गोष्ट वाटते.

आणखी एक कडू गोष्ट. तिवर आपोआप सगळं ठीक करत नाही. उथळ उघड्या पाण्यात गाळ साचत गेला की तिवराची रोपं पकडतात आणि दहा-पंधरा वर्षांत मोकळं पाणी झाडीखाली जातं. तिथे खंड्या राहील, कोल्हा राहील, पण रोहित आणि तुतवार उतरणार नाहीत. त्यांना दूरवर दिसायला हवं. तेव्हा ‘जागेला हातच लावू नका’ हा आग्रहही इथे चालत नाही. माणसाने घडवलेली जागा माणसानेच राखावी लागते. किती गाळ काढायचा, कुठली रोपं लहान असतानाच थोपवायची, पाण्याची पातळी गुडघाभर ठेवायची की घोटाभर, हे दरवर्षी ठरवावं लागेल. गुडघाभर म्हणजे रोहिताचा गुडघा. तुतवाराला तेवढंही पाणी बुडवतं.

कायदा काय म्हणतो

रामसर करारात पाणथळीची व्याख्या मोकळी आहे. नैसर्गिक किंवा कृत्रिम, कायमची किंवा तात्पुरती, गोड, मचूळ किंवा खारी, साचलेली किंवा वाहती, ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल असलेलं समुद्राचं पाणीसुद्धा. आपल्या देशातल्या २०१७च्या पाणथळ नियमांनी मात्र भातखाचरं वगळली, आणि मीठ, मत्स्यशेती, सिंचन, करमणूक वा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेल्या जागाही वगळल्या. ठाणे-नवी मुंबईच्या किनाऱ्यावर याचा अर्थ फार मोठा आहे. भांडुप-मुलुंडची मिठागरं, उरणची खाचरं, इथला जवळजवळ प्रत्येक तुकडा कधी ना कधी माणसाने बांध घातलेला. एखादी जागा बुजवायची असली की ‘ही मुळात पाणथळच नाही’ हे वाक्य लगेच हाताशी येतं. ते वाक्य ऐकून माझा जीव तुटतो, कारण आगऱ्यांच्या पिढ्यांनी घातलेले बांध हेच त्या जागेविरुद्धचा पुरावा म्हणून वापरले जातात.

शेजारच्या एनआरआय-चाणक्य पाणथळीच्या बाबतीत लढा न्यायालयात गेला. तिथे गोल्फ मैदान आणि वसाहतीचा बेत होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८मध्ये तो रद्द ठरवला आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. डीपीएसच्या बाबतीत पक्षी मेल्यावर सरकारने उच्चस्तरीय समिती नेमली. एप्रिल २०२५मध्ये मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य वन्यजीव मंडळाने तलाव संवर्धन राखीव म्हणून जाहीर करण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. ज्या दिवशी बातमी आली त्या दिवशी आमच्या गटातल्या एका आजींनी घरून शिरा करून आणला होता. आम्ही तलावाच्या कठड्याशी उभं राहून तो खाल्ला.

संवर्धन राखीव ही तरतूद वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२च्या दुरुस्तीने आली, कलम ३६ अ. सरकारी मालकीची, विशेषतः अभयारण्यांना लागून असलेली किंवा दोन संरक्षित जागांना जोडणारी जमीन तशी जाहीर करता येते, स्थानिकांशी सल्लामसलत करून. पुढच्या कलमात व्यवस्थापन समिती आहे. तीत वन विभागाचा प्रतिनिधी, हद्दीतल्या ग्रामपंचायतींचा प्रत्येकी एक, वन्यजीवांवर काम करणाऱ्या संस्थांचे तीन, शिवाय कृषी आणि पशुसंवर्धन खात्यांचा एकेक. मी ही यादी तीनदा वाचली. नेरुळला ग्रामपंचायत नाही, गाव महापालिकेत आहे. म्हणजे करावे गावच्या आगरी-कोळ्यांसाठी कायद्याने हमखास ठेवलेली खुर्चीच इथे नाही. नळ्यांचा हिशेब ठेवणाऱ्या अभियंत्यालाही नाही. पशुसंवर्धन खात्याचा माणूस असेल, आणि भरतीची वेळ ज्याला पंचांगाशिवाय सांगता येते तो बाहेर उभा असेल. समितीने ठरवलं तर निमंत्रित म्हणून त्यांना बोलावता येईल. ते ठरवलं जावं, यासाठी आम्ही लिहीत आहोत.

आता काय हवं

तीन गोष्टी मागतो आहोत आणि तिन्ही स्वस्त आहेत.

पहिली, पातळीची खूण. तलावात आणि बाहेर खाडीच्या बाजूला, दोन्हीकडे रंगवलेल्या पट्ट्या. भरतीला बाहेर किती आणि आत किती, हे शाळकरी पोरालाही वाचता येईल. आतलं आणि बाहेरचं अंतर महिन्यागणिक वाढू लागलं तर वाट बुजते आहे, हे पक्षी मरायच्या सहा महिने आधी कळेल.

दुसरी, नळ्यांच्या तोंडाशी जाळी आणि उधाणानंतर दर पंधरवड्याला ती साफ करणं. अमावास्या आणि पौर्णिमा, वर्षातून चोवीस-पंचवीस वेळा. याची तारीख आणि वेळ कुठल्याही भिंतीवरच्या कॅलेंडरात असते.

तिसरी गोष्ट माणूस. पगारी, नावानिशी नेमलेला, शक्यतो करावे गावातला. त्याच्याकडे वही असावी, भरतीची वेळ, आतली पातळी, नळीची अवस्था, आलेले पक्षी, आलेली कुत्री. त्याच्यावर फोन उचलणारा एक अधिकारी असावा, तलाव महापालिकेचा की सिडकोचा की वन विभागाचा या वादात न पडता. एवढ्या मागणीसाठी आम्ही तीन कार्यालयांत गेलो, तिन्ही ठिकाणी चहा मिळाला आणि तिन्ही ठिकाणी दुसऱ्या दोन कार्यालयांचे पत्ते मिळाले. आम्ही पुन्हा जाणार आहोत.

२०२२मध्ये बीएनएचएसने ठाणे खाडीतल्या सहा रोहितांना उपग्रह-टॅग लावले होते. त्यांतला हुमायून नावाचा पक्षी पावसाच्या तोंडावर इथून निघाला आणि गुजरातेत भावनगरला पोचला. हे पक्षी उन्हाळा संपताना कच्छ-सौराष्ट्राकडे सरकतात, पाऊस धरला की तिकडे वीण करतात आणि हिवाळ्यात परततात. खाडीकडे परत येताना त्यांना आपल्या प्रस्तावाची मान्यता, फाइल, समिती यांतलं काही दिसत नाही. वरून दिसतं ते पाणी आहे की नाही एवढंच.

मागच्या पौर्णिमेला मी काकांना घेऊन गेलो होतो. दुपारचे साडेबारा. रस्त्याच्या कठड्यावरून वाकून ते नळीच्या तोंडाकडे पाहत राहिले. पाणी आत शिरत होतं, पण एका बाजूने, अडखळत. तोंडाशी नारळाची करवंटी, थर्माकोलचा तुकडा आणि कुणीतरी विसर्जित केलेल्या निर्माल्याची पिशवी अडकली होती. काकांनी काठीने ती पिशवी ढकलायचा प्रयत्न केला, काठी पोचेना. मग बाजूला भाजीची हातगाडी लावणाऱ्या मुलाने लांब बांबू आणून दिला. दोन-तीन वेळा ढोसल्यावर पिशवी सुटली, पाण्याचा आवाज एकदम बदलला. तलावाच्या पलीकडच्या टोकाला तुतवारांची एक झुंड उठली, वळली आणि पुन्हा बसली.

काकांनी बांबू परत केला आणि विचारलं, “येत्या अमाशेला कोन येनार?”

मी पंचांग पाहून तारीख सांगितली. मुलगा म्हणाला, “मी हाय की इथंच.”